कुंबळेचा सही केलेला फोटो आहे, तसलाच दुसरा मिळायलाय, घेऊ काय?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. कर्नाटकच्या खेळाडूंच्या सह्या जमवायचा नाद हाय मला. कुंबळेचा सही केलेला फोटो आहे, १९९९ च्या कोटला टेस्टचा, पाकिस्तानच्या दहाच्या दहा काढल्या ७४ रन्समध्ये, तो. आता हुबळीचा एक ओळखीचा माणूस सगळं कलेक्शन काढायलाय आणि त्याच्याकडं त्याच मॅचचा, त्याच साईजचा सही केलेला फोटो आहे, फक्त माझी सही काळ्या मार्करनं आणि त्याची निळ्या. सहा हजार म्हणतोय, पाचपर्यंत येईल. घरात म्हणायल्यात एक आहे की भिंतीवर, दुसरा काय डोक्याला बांधून फिरणार काय. बरोबर आहे त्यांचं, खरं मन ऐकत नाही. पुढं किंमत वाढेल म्हणून घेऊन ठेवावा, का त्याच पैशात दुसरा खेळाडू बघावा? कुणी असे डबल घेतलेत काय, घेऊन पुढं काय केलं?

निपाणीचा_नाना
किंमत वाढेल म्हणून घेणार असलास तर नको घेऊस गा. माणूस हयात आहे, कार्यक्रमाला जातो, सह्या देतो, म्हणजे माल वाढतच जाणार. ब्रॅडमनचं बघ, एवढा मोठा माणूस, खरं रिटायर झाल्यावर वर्षानुवर्षं चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं आणि सह्या देत बसायचा, त्यामुळं नंतरच्या काळातली त्याची साधी सही दुर्मिळ अशी नाहीच. भाव येतो तो मॅचमध्ये वापरलेल्या बॅट-बॉलला, आणि ते पण कागदपत्र असतील तर. दुसरं, विकणार कुणाला? खडेबाजारात घेऊन उभा राहिलास तर फ्रेमची किंमत देतील. बेंगळूर-मुंबईचं गिऱ्हाईक शोधायचं, कुरिअरची भीती, वर तो म्हणणार खरी कशावरून. आणि एकाच माणसाकडं दोन निघाली म्हटल्यावर भाव पाडूनच मागणार.

गोगटे_सर्कल
सगळं सोडा, आधी दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून बघा. आपण बँकेत चेकवर दोनदा सही करतो ती कधी तंतोतंत जुळत नाही, वळण तेच असतं पण लांबी, तिरकेपणा, अंतर जरा तरी हलतंच. दोघांचे फोटो मोबाईलवर काढून एकावर एक ठेवले आणि रेघ न् रेघ बसली तर समजायचं की एकतर छापलेली आहे नाहीतर मशीननं केलेली. मशीनच्या सहीत पेनचा दाब सगळीकडं एकसारखा असतो, सुरुवातीला आणि शेवटी पेन टेकल्याचा ठिपका बऱ्याचदा दिसतो. छापलेली ओळखायला सोनाराचं भिंग पुरतं, बारीक बारीक टिंबं दिसतात, आणि फोटो उजेडात तिरका धरला तर मार्करची शाई वेगळी चमकते, छापलेली चमकत नाही. म्हणजे हा दुसरा पीस विकत नाही घेतला तरी तासभर हातात मिळाला तर तुमच्या पहिल्याचीच परीक्षा होऊन जाईल. पहिल्याला कागद काय आहे?

टिळकवाडीकर
सर्टिफिकेट आहे की. होलोग्राम पण आहे.

गोगटे_सर्कल
होलोग्रामची शीट कुणीपण छापून घेतंय ओ. सर्टिफिकेटवर बघायचं की सही कुठं, कधी, कुणासमोर झाली ते लिहिलंय काय, आणि देणारा आज फोन केला तर उचलतोय काय. जो विकतोय त्यानंच स्वतः सर्टिफिकेट दिलं असेल तर ते बिलापेक्षा जास्त काही नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयनं ऑपरेशन बुलपेन म्हणून खोट्या सह्यांची टोळी पकडली, त्या मालासोबत सर्टिफिकेटं पण होतीच.

शहापूरची_अक्का
भिंतीवर म्हणजे कुठल्या भिंतीवर ते सांगा आधी. मार्करची सही उन्हानं फिकट होते, खिडकीसमोर असेल तर काढा आजच. आणि आपल्याकडचा पावसाळा काय सांगायचा, जूनपासून कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं फोटोचं काय. काच फोटोला टेकलेली असली तर ओलीनं चिकटतो, मग काढताना सहीसकट निघतो. मधी माउंटची पट्टी घालून फ्रेम करायला सांगा. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, आपल्याकडं दहावीच्या मार्कशीटपासून सगळं लॅमिनेट करायची हौस आहे.
आता काही लोक म्हणतील एक भिंतीला, एक जपून ठेवायला म्हणून दोन पाहिजेत. कशाला? असलेला स्कॅन करून चांगली कलर प्रिंट भिंतीला लावा, खरा आत ठेवा. पाच हजार वाचले.

खानापूर_लेगस्पिन
मी मात्र घे म्हणेन, फक्त वेगळ्या कारणानं. दहावी विकेट आठव, वसीम अक्रमचा कॅच शॉर्ट लेगला लक्ष्मणनं घेतला. आणि त्याच्या आधी पलीकडून श्रीनाथ मुद्दाम स्टंपच्या बाहेर टाकत होता, विकेट चुकून आपल्याला पडू नये म्हणून. तर दुसऱ्या फोटोवर श्रीनाथ आणि लक्ष्मणची सही मिळवायची! पहिला आहे तसा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, आणि दुसरा घेऊन फिरायचं. श्रीनाथ मॅच रेफ्री म्हणून फिरतो, कधीतरी गाठ पडणारच. तसा पीस तुझा पहिला कधीच होणार नाही कारण त्याच्यावर पेन चालवायला तुझंच धाडस होणार नाही.

निपाणीचा_नाना
आणि तिसरा कधी भेटलाच नाही तर? अर्धवट राहिलेला फोटो तर कोणच घेत नाही.

खानापूर_लेगस्पिन
विकायचंय कुणाला नाना? तुम्ही निपाणीवाले तंबाखूच्या सौद्यातनं बाहेरच येत नाही.

निपाणीचा_नाना
😄 बरं बाबा. खरं फोटोवर जागा पाहिजे की. कुंबळेनं मधोमध सही हाणली असेल तर बाकीच्यांनी काय मागं करायची?

टिळकवाडीकर
श्रीनाथ-लक्ष्मणचं डोक्यातच नव्हतं आलं, भारी. सही उजव्या कोपऱ्यात आहे, वर आभाळाचा भाग मोकळा आहे असं व्हॉट्सॅपवर तरी दिसतंय. रविवारी माझा फोटो घेऊनच हुबळीला जातो, भिंग पण घेतो, आणि गोगटे सर्कलनं सांगितलं तसं दोन्ही ताडून बघतो. दोन्ही पटल्या आणि जागा असली तर साडेचारला मागतो, पाचच्या वर एक रुपया नाही. सह्यांचं वळणच जुळलं नाही तर मग कुठला खरा हा वेगळाच घोर लागणार. अक्का, भिंतीवरचा काढला, दुपारचं ऊन खरंच यायचं तिथं.
त्याच्या यादीत गुंडप्पा विश्वनाथची सही असलेली मिनी बॅट पण आहे, तिचा भाव अजून सांगितला नाही त्यानं.

निपाणीचा_नाना
ही गोष्ट शेवटाला सांगतोस होय रे! विश्वनाथ म्हणजे गावसकरांच्या बहिणीचे मिस्टर, आपले जावईच की. कुंबळे राहू दे, त्या हुबळीवाल्याचा नंबर आधी मला मेसेज कर.

टिळकवाडीकर
नंबर सोमवारी देतो नाना 😄