नवीन आर्थिक वर्षात एसएपीमध्ये एमआयजीओ (माल जमा करणं) होत नाहीये, ओबी५२ (अकाउंट्सचा पीरियड) उघडलंय तरी एरर

चाकण_स्टोअर_आयटी
नमस्कार मंडळी, आज २ एप्रिल २०२५, सकाळपासून एकही जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेला नाही. ऑटो पार्टचं युनिट आहे, एसएपी ईसीसी सॉफ्टवेअर, गेटवर माल उतरवून दोन गाड्या उभ्या आहेत आणि ड्रायव्हर पावती मागतोय. एमआयजीओमध्ये चेक दाबलं की 'पोस्टिंग ओन्ली पॉसिबल इन पीरियड्स २०२४/१२ अँड २०२४/११ इन कंपनी कोड १०००' असा एम७०५३ नंबरचा एरर येतो. अकाउंट्सच्या मॅडमनी ओबी५२ मध्ये एप्रिल उघडलाय, मी स्वतः त्यांच्या शेजारी बसून बघितलं. आणि हे २०२४ चा डिसेंबर का दाखवतंय? स्टोअरचे साहेब म्हणतात पोस्टिंग डेट ३१ मार्च टाकून मोकळं हो, गाड्या सोडायच्यात. टाकू का?

एमएम_वाली_ताई
दादा, ३१ मार्च अजिबात टाकू नका! २ एप्रिलला आलेला माल मार्चच्या क्लोजिंग स्टॉकमध्ये बसेल, ऑडिटला गेट एन्ट्री आणि जीआरएनची तारीख जुळणार नाही, आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. साहेबांना दहा मिनिटं थांबायला सांगा.

तो डिसेंबर नाहीये. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं, एसएपीत त्याला व्हेरियंट व्ही३ म्हणतात, त्यात पीरियड १ म्हणजे एप्रिल आणि १२ म्हणजे मार्च. म्हणजे २०२४/१२ हा मार्च २०२५ झाला, आणि तुम्हाला हवाय २०२५/०१.

ओबी५२ फक्त एफआयचं म्हणजे अकाउंट्सचं, मटेरियलचा पीरियड वेगळा असतो, तो एमएआरव्ही टेबलात, ओबी५२ ने तो हलत नाही. तो पुढे सरकवायला एमएमपीव्ही उघडा, फ्रॉम आणि टू दोन्हीकडे कंपनी कोड १०००, पीरियड ०१, वर्ष २०२५, 'चेक अँड क्लोज पीरियड' निवडून चालवा. मार्च मागचा पीरियड म्हणून उघडा राहील, फेब्रुवारी बंद होईल, त्यामुळे फेब्रुवारीचं काही राहिलंय का ते आधी विचारून घ्या.

जुना_बेसिस
ताईंचं बरोबर, फक्त एक भर घालतो. नेटवर कोणी एमएमपीआय चालव म्हणाला तर चालवू नका. त्याने पीरियड नव्याने इनिशियलाइझ होतात आणि प्रॉडक्शनमध्ये मागच्या पीरियडच्या स्टॉकचा हिशेब बिघडतो, मी एका ठिकाणी तो निस्तरताना आठवडा घालवलाय.

चाकण_स्टोअर_आयटी
एमएमपीव्ही झालं, एम७०५३ गेला, पण आता 'आरएफ_बेलेग १००० साठी नंबर रेंज इंटरव्हल ५० नाही' असं म्हणतंय!

एमएम_वाली_ताई
आरएफ_बेलेग म्हणजे अकाउंट्स डॉक्युमेंटचे नंबर. डब्ल्यूई (माल जमा) डॉक्युमेंट टाइपला ५० नंबरचा इंटरव्हल लागतो आणि तुमच्याकडे रेंज वर्षागणिक ठेवलीय, त्यामुळे २०२५ ची कोणी केलीच नाही. एफबीएन१ (नंबर रेंजचा स्क्रीन) मध्ये बघा, २०२४ ची ओळ दिसेल, २०२५ ची नसेल. ओबीएच२ ने २०२४ च्या सगळ्या रेंज २०२५ ला कॉपी करा, कारण उद्या इन्व्हॉइसला ५१ आणि इश्यूला ४९ अडेलच, आजच सगळं उरकून घ्या. नंबर रेंज ट्रान्सपोर्ट (दुसऱ्या सिस्टिममधून उचलून आणणं) मात्र करू नका, चालू नंबरवर जुना नंबर बसतो.

त्यानंतर 'पीरियड ००१/२०२५ इज नॉट ओपन फॉर अकाउंट टाइप एम' आला तर ओबी५२ मधली एमची (मटेरियलची) ओळ राहिलीय समजा, मॅडम बहुतेक वेळा प्लस (सगळ्या प्रकारांची ओळ) आणि एस (जीएल खाती) उघडतात आणि एम विसरतात.

चाकण_स्टोअर_आयटी
ताई, तोच आला आणि एमची ओळच राहिली होती, मॅडमनी लगेच भरली. आत्ता दोन्ही जीआरएन आजच्या तारखेला झाले, पावती घेऊन गाड्या निघाल्या. मनापासून आभार. दर महिन्याला हे हाताने करावं लागतं का?

जुना_बेसिस
आरएमएमएमपीईआरआय प्रोग्रॅमला चालू तारीख आपोआप घेणारा व्हेरियंट (सेव्ह केलेली सेटिंग) लावून एक तारखेच्या पहाटेचा जॉब टाकून ठेवा, मटेरियलचा पीरियड आपोआप सरकतो. नंबर रेंज मात्र मार्च संपायच्या आधीच बघायची, ती जॉब बनवत नाही.