टेक्सासच्या पुतण्याची रायफल: .२२३ पुरे, की .३०८च हवी?

रामबागकर
पुतण्या टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिकडे त्याला लांब पल्ल्याच्या टार्गेटचा नाद लागलाय. बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने दांडा ओढायची) नको, सेमी-ऑटोच (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) हवी म्हणतो, आणि रायफल अधिक स्कोप दीड हजार डॉलरांत बसवायचंय. (इंदूरला आणणार कशी, हे कृपया विचारू नका. आपल्याकडे असली रायफल सामान्य माणसाला मिळत नाही, आणि आणायचीही नाहीये. ती तिथेच राहणार.)

माझं मत .२२३ (हे आकडे काडतुसाचं माप, साधारण गोळीचा व्यास इंचात). ते चालवणारी सेमी-ऑटो म्हणजे एआर-१५, तिचे सुटे भाग कुणाचेही कुणाला बसतात. .३०८ साठी एआर-१० घ्यावी लागते, ती जड, महाग, आणि तिच्यात एका कंपनीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नाही. शिवाय काडतूस. .२२३ चं मॅच (स्पर्धेचं) काडतूस साधारण डॉलरभराचं, .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर (साडेसहा मिलिमीटरचं) घेतलं तर दीड-दोन डॉलरांचं. नवशिक्याचा हात गोळ्या उडवूनच बसतो. उरलेल्या पैशांत स्कोप जरा बरा येईल. नळी मात्र गोळीला आठ इंचात एक फेरा देणारी हवी, म्हणजे ७७ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नीट स्थिरावते.

महूवाला
रामबागकर, हिशेब किराणा दुकानाचा झाला. मी इन्फंट्रीत होतो, चांदमारीवर एसएलआर (फौजेची जुनी रायफल) चालवली आहे. तिची ७.६२ मिलिमीटरची, म्हणजे .३०८ च्याच मापाची, गोळी वाऱ्याला जुमानत नाही. मध्ये इन्सास रायफलच्या ५.५६ वर (म्हणजे .२२३ च्या मापावर) गेलो, आणि २०१९ मध्ये फौजेने सिग ७१६ च्या बहात्तर हजारांवर रायफली मागवल्या, त्या परत ७.६२ च्याच. काहीतरी कारण असेल ना? मुलाला .३०८ घेऊ द्या. १९५२ पासूनचं काडतूस आहे, जगात कुठेही मिळतं, नळी पाच हजार गोळ्या आरामात काढते.

गोट्या_सुदामानगर
काका, फौजेला समोरचा माणूस थांबवायचा असतो. इथे कागदाला भोक पाडायचंय. कागद .२२३ नेही तितकाच फाटतो :)

आणि "वाऱ्याला जुमानत नाही" हे तर अजिबात पटत नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा धरा. १००० यार्डांवर .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी अडीच मीटरच्या आसपास सरकते. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची पावणेदोन मीटर. गोळी हलकी, पण लांबट आणि निमुळती, म्हणून हवा कापत जाते. धक्काही कमी. हॉर्नाडी कंपनीने २००७ मध्ये हे काडतूस काढलं ते टार्गेटवाल्यांसाठीच. माझं मत ६.५.

महूवाला
गोट्या, ६.५ ची नळी किती टिकते तेही सांग की. दोन-तीन हजार गोळ्यांत अचूकपणा उतरायला लागतो. बजेटवाल्याने दुसरी नळी कुठून आणायची?

गोट्या_सुदामानगर
मान्य. पण तेवढी काडतुसं विकत घेताना जो पैसा जातो, त्यापुढे एका नळीची किंमत काहीच नाही. आणि .३०८ घ्यायचीच असेल तर १६८ ग्रेनची घेऊ नका, लांबवर ती दगा देते. आठ-नऊशे यार्डांपुढे वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरला की डळमळायला लागते. १७५ ची हजारावर पोचते, तीही जेमतेम.

मीनल_लोकमान्यनगर
तुम्ही सगळे एकदम हजार यार्डांवर जाऊन बसलात. मुलाने आतापर्यंत काय चालवलंय, हे कुणी विचारलं का?

मी क्लबात .२२ ची छोटी रायफल चालवते. आपल्या खरगोनकडचा ऐश्वर्यप्रताप सिंह तोमर काय, कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे काय, दोघांचं नाव झालं ते ५० मीटरच्या .२२ वरच; कुसाळेने तर पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य आणलं. सेमी-ऑटोच हवी असेल तर रूगर १०/२२ आहे, १९६४ पासून चालतेय, स्वस्त आहे. २०० यार्डांवर .२२ ची गोळी वाऱ्याने जेवढी सरकते, तेवढी .३०८ ची ४००-५०० यार्डांवर सरकते. म्हणजे वारा वाचायची तालीम थोड्या पैशांत होते. गवत कुठे झुकलंय, टार्गेटजवळचं झेंड्याचं फडकं मध्येच का पडलं, हे दिसायला लागलं की मग मोठं बोअर घ्यावं.

रामबागकर
मीनलताई, .२२ त्याच्याकडे आहे. वर्षभर तीच चालवतोय.

मीनल_लोकमान्यनगर
हे आधी सांगायचं होतंत! मग माझंही मत .२२३. आणि रेंज किती लांब आहे?

नारायणबागेतला
६ एमएम एआरसीचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? २०२० चं काडतूस आहे, एआर-१५ च्याच सांगाड्यात बसतं, वाऱ्यात .२२३ पेक्षा खूप बरं. फक्त नळी, बोल्ट (काडतूस नळीत बंद करणारा भाग) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) वेगळं लागतं. काडतुसंही दुकानात .२२३ सारखी ढिगाने नसतात. तरी मी असतो तर हेच घेतलं असतं.

गोट्या_सुदामानगर
रामबागकर, .२२३ ची खरी अडचण तुम्ही सांगितलीच नाहीत. एआर-१५ च्या मॅगझिनची लांबी ठरलेली, त्यात ७७ ग्रेनच्या पुढची गोळी सहसा मावत नाही. ८० ग्रेनची वापरायची तर एकेक काडतूस हाताने घाला. मग सेमी-ऑटो कशाला घेतली?

रामबागकर
अमेरिकेत सर्व्हिस रायफलच्या स्पर्धेत ६०० यार्डांवर हेच करतात की! रॅपिड फायर जवळच्या अंतरावर, मॅगझिनने. ६०० वर सावकाश, ८० ग्रेनची एकेक घालून. तिथे वेळ भरपूर असतो, घाई कुणाला आहे?

बाकी मीनलताईंच्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच आलं. त्याच्या घराजवळची रेंज ६०० यार्डांची. हजारवाली आहे, पण गाडीने चार तास, वर्षातून एखाद वेळेला जाणं होईल.

महूवाला
सहाशेच? मग मुलाला .२२३ घेऊ द्या. ६०० वर .३०८ आणि .२२३ मध्ये वाऱ्याचा फरक वीतभर, फार तर थोडा जास्त. त्यासाठी खांद्यावर जादा धक्का आणि खिशाला खड्डा नको. पण ट्रिगर चांगला बसवायला सांगा. कारखान्यातून येतो तो खरखरीत असतो, चाप ओढतानाच नेम हलतो.

गोट्या_सुदामानगर
काका, तुम्हीसुद्धा! मी ६.५ वरच ठाम आहे. आज ६०० ची रेंज आहे, उद्या हा पोरगा डेन्व्हरला बदलून गेला आणि तिथे हजारवाली रेंज मिळाली तर परत नवी रायफल घेणार का?

महूवाला
नवी कशाला, एआर-१५ चा वरचा अर्धा भाग तेवढा बदलायचा. दोन पिना काढल्या की झालं. नारायणबागेतल्याचं ६ एमएम तेव्हा बसवा.