स्लॅब टाकून झाला, कठडे उभे राहिले. मग पूल दुचाकींना बंद का?

लांबपल्ला
कोकणच्या सागरी मार्गाने दुचाकी काढली की दर काही तासांनी खाडी आडवी येते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. पलीकडे जायला जंगल जेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, आणि शेवटची फेरी हुकली की खाडीला लांबचा वळसा. रेवस-रेड्डी मार्गावरच्या पुलांमुळे हे चित्र बदलणार आहे, त्यामुळे हा प्रश्न आत्ताच मांडतो. सगळे गाळे (दोन खांबांमधले भाग) जोडलेत, काँक्रीटला ताकद यायला लागणारे 28 दिवस स्लॅबला होऊन गेलेत, दोन्ही बाजूंचे कठडे तयार आहेत आणि तरीही तोंडाशी पत्रे ठोकून पूल बंद, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. गाडी 190 किलो, दोन माणसं, सामान मिळून 360-370 किलो. त्याच स्लॅबवरून सहा घनमीटरचा ट्रान्झिट मिक्सर जातो, त्यातलं नुसतं काँक्रीटच 15 टन भरतं. म्हणजे चाळीसेक भरलेल्या बाइक. मग दुचाकींना आधी सोडायला काय हरकत आहे?

गाळा-गर्डर
हरकत वजनाची नाहीच, त्यामुळे मिक्सरशी तुलना इथे लागू पडत नाही. मिक्सर आखून दिलेल्या पट्ट्यातून, माणसाच्या चालीने, पुढे झेंडेवाला धरून जातो. बाइक चाळीसच्या वेगाने येते आणि तिला दोनच चाकं असतात.

अर्धवट पुलावर दुचाकी पडते ती बहुतेक सांध्यापाशी. दोन गाळ्यांच्या मध्ये एक्स्पान्शन जॉइंट (तापमानाने पूल लांबतो-आखडतो त्यासाठीचा सांधा) बसवायला स्लॅबच्या कडेला खाच सोडलेली असते: रुंदी फूटभर किंवा जास्त, खोली वीत-दीड वीत, आत उघड्या सळ्या. जॉइंट शेवटी बसतो, कारण आधी डांबरी थर पूर्ण करून मग तेवढा पट्टा कापून काढला तर पातळी जुळते. तोवर खाचेवर लोखंडी पत्रा टाकलेला असतो किंवा वाळूची पोती. पत्रा नुसता ठेवलेला असेल तर पुढच्या चाकाने सरकतो. दोन्ही बाजूंना बोल्ट मारले तर 30 मीटरचा गर्डर (स्लॅबखालची तुळई) तापमानाच्या 20 अंशांच्या फरकाने साधारण 7 मिलिमीटर हलतो आणि बोल्ट उपटतो. पत्रा एकाच बाजूला पक्का करायचा असतो, हे साइटवर सर्रास विसरतात.

दुसरी जागा पोहोच रस्ता, म्हणजे पुलाला जोडणारा रस्ता. टोकाच्या खांबामागचा भराव थराथराने दाबलेला नसेल तर पहिल्या पावसात खचतो. त्यावर निदान साडेतीन मीटर लांबीचा अप्रोच स्लॅब लागतो, आणि तो नसेल तर पुलाच्या कडेशी चार बोटांची पायरी तयार होते. दिवसा ती दिसते. रात्री हेडलाइटमध्ये पायरीची सावली पलीकडे पडते, त्यामुळे दिसतच नाही.

सायकल-रायगड
यात पाण्याच्या पन्हाळी जोडा. कठड्याच्या कडेने ठरावीक अंतरावर 100 मिलिमीटरची भोकं सोडलेली असतात, जाळ्या शेवटी बसतात. सायकलवाला नेमका कडेनेच चालतो, आणि त्याच्या बारीक टायरला तिथे हिसका बसतो. क्युरिंगची आळी (काँक्रीट ओलं ठेवायला स्लॅबवर पाणी साठवतात ती) मोडल्यावर उरलेल्या ओलीवर शेवाळ धरतं, तिथे ब्रेक लावला की चाक गेलंच.

लांबपल्ला
हे सगळं मान्य. पण यातली एकही गोष्ट महिनाभराची नाही. चेकर्ड पत्रा, एका बाजूला बोल्ट, भोकांवर जाळी, पोहोच रस्त्यावर दाबलेली खडी, रात्री बंद. एवढं केलं की दोन मीटरची दुचाकी मार्गिका होते. महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, आणि नवा पूल जून 2017 मध्ये सुरू झाला. मनावर घेतलं की काम होतं. आंबेत-म्हाप्रळ पूल दुरुस्तीला बंद होता तेव्हा पलीकडच्या गावांनी काय सोसलं ते इथल्यांना ठाऊक आहे. दवाखान्यात जायचं असेल त्याला जॉइंटची पातळी सांगून भागत नाही.

गाळा-गर्डर
महाडचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे काम लवकर पूर्ण केलं, अर्धवट पूल वापरायला दिला नाही.

आणखी एक टप्पा तुम्ही धरलाच नाही. भारचाचणी. निवडलेल्या गाळ्यावर टप्प्याटप्प्याने भार चढवतात, पूर्ण भार 24 तास ठेवतात, मग उतरवून आणखी 24 तास वाट पाहतात. प्रीस्ट्रेस्ड गर्डर (आत ताणलेल्या केबल असलेला) जेवढा वाकला त्याच्या निदान 85 टक्के परत वर यायला हवा. मोजमाप मिलिमीटरच्या अंशात असतं, तापमानाची दुरुस्ती करून. त्या दोन दिवसांत पुलावरून गाड्या गेल्या तर वाचन बिघडतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

त्या केबलच्या नळ्यांत ग्राउट (सिमेंटचा घोळ) नीट भरलंय का, हेही वरून दिसत नाही. गोव्यात मांडवीवरचा 1970 चा पूल 5 जुलै 1986 ला कोसळला, तो केबल गंजल्यामुळे. खाऱ्या हवेच्या खाडीवर 'स्लॅब टाकला म्हणजे झालं' असं म्हणणं मला तरी पटत नाही.

खाडीकाठ
दोघांनाही विचारतो, अडथळा कोण लावतं आणि कसा? पिंपं आणि लाल-पांढरी पट्टी हा अडथळा नव्हे. दोन पिंपांमध्ये बाइक जाईल एवढी फट असतेच. नोव्हेंबर 2024 मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली गेली आणि तीन जण दगावले. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता आणि नकाशावर रस्ता चालू दिसत होता. पूल बंद ठेवायचा तर पोहोच रस्ता सुरू होतो तिथेच पूर्ण रुंदीचा मातीचा बांध किंवा काँक्रीटचे ठोकळे हवेत, आणि पुढे पन्नास मीटरवर दुसरी रांग.

लांबपल्ला
तर मग माझी मागणी नेमकी करतो. चाचणी होईपर्यंत ठोकळे लावून पक्का बंद, हे मान्य. चाचणी झाल्यावर कंत्राटदार आणि खातं मिळून उरलेल्या कामांची यादी करतातच. ती यादी पुलाच्या तोंडाशी फलकावर लावा: काय उरलंय, कधी संपेल. त्यात फक्त रंगाचे पट्टे आणि दिवे उरले असतील तर दुचाकी आणि रुग्णवाहिका त्याच दिवशी सोडा. फीत कापायला कोणी येईपर्यंत नाही.

गाळा-गर्डर
दिवे उरले असतील तर फक्त दिवसा. बाकी सहमत.