अश्दोद-बेर्शेव्यात भोंगे वाजतात तेव्हा इथे बसून नेमकं काय करायचं?

खारीक_खोबरं

ठाणे, अलिबाग, पेण भागात बेने इस्रायल, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंची घरं आता मोजकीच उरलीत. बाकी गोतावळा तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोद, बेर्शेवा, दिमोना, लोद, रामले असा विखुरलेला. ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि जून २०२५ चं इराणशी युद्ध, दोन्ही वेळा इथल्या घराघरांत सारखंच चित्र होतं. टीव्ही चोवीस तास चालू, ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस, आणि तिकडच्या एकट्या म्हाताऱ्या आत्याला एकाच वेळी दहा जणांचे फोन.

पुढच्या वेळी हा गोंधळ नको, म्हणून जाणकारांना विचारतेय. त्यांच्या गावात हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला हे इथे लगेच कसं कळेल? फोन कधी करावा, कधी करू नये? पैसे पाठवायचे तर रीतसर मार्ग कोणता? आणि कोणाला थोडे दिवस इकडे आणायचं म्हटलं तर ते जमतं का? "देव सांभाळेल" आम्हीही म्हणतोच, त्यामुळे उत्तरं त्याच्या पुढची हवीत.

---

शनवार_तेली

भोंग्यापासून सुरुवात करतो, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथेच होतो.

इशारे देणारं खातं म्हणजे पिकुद हाओरेफ, सैन्याचा नागरी संरक्षण विभाग. त्यांचं संकेतस्थळ भारतातून कधी उघडतं, कधी नाही. इथून बघायला 'त्सोफार' हे ॲप बरं. टाकलं की पहिलं काम म्हणजे 'संपूर्ण देश' ही निवड काढून फक्त आपल्या माणसांची गावं निवडायची. नाहीतर लेबनॉनच्या सीमेवरच्या गावासाठीही तुमचा फोन रात्री तीनला बोंबलतो, चार दिवसांत वैतागून तुम्ही ॲप बंद करता, आणि नेमकं हवं तेव्हा ते बंद असतं. दुसरं म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरी बचतीचं बंधन काढा. ते राहिलं तर इशारा वीस मिनिटांनी, तुम्ही स्क्रीन उघडाल तेव्हा येतो.

मोठी शहरं इशाऱ्यासाठी तुकड्यांत वाटलेली आहेत. बेर्शेव्याचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे भाग आहेत. अश्दोदचे मोहल्ले हिब्रू अक्षरांनी ओळखले जातात आणि काही काही अक्षरांचा मिळून एक इशारा-विभाग होतो. म्हणजे नुसतं "अश्दोद" माहीत असून भागत नाही, मोहल्ल्याचं अक्षर विचारून ठेवा.

भोंगा वाजल्यावर आडोशाला पोचायला मिळणारा वेळ गावागणिक वेगळा. गाझाकडून येणाऱ्या रॉकेटसाठी स्देरोतला १५ सेकंद, अश्कलोनला ३०, अश्दोदला ४५, बेर्शेव्याला ६०, तेल अवीवला ९०. पंच्याहत्तरीच्या बाईला ४५ सेकंदांत चपला घालून तीन मजले उतरता येत नाहीत. म्हणून घर कधीचं बांधलेलं आहे हे माहीत हवं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांना 'ममाद' सक्तीचा झाला. ममाद म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार आणि पोलादी झडपेची खिडकी असलेली घरातलीच एक खोली. पन्नास-साठच्या दशकांतल्या, नव्याने आलेल्यांसाठी बांधलेल्या चाळवजा इमारतींत ती नसते. तिथे तळघरातला किंवा रस्त्यापलीकडचा 'मिकलात' (सामाईक निवारा) गाठायचा, नाही जमलं तर इमारतीचा आतला जिना. इमारत तीन मजल्यांहून उंच असेल तर डोक्यावर निदान दोन मजले राहतील अशा पायरीवर बसायचं. सगळ्यात वरचा मजला नको आणि तळमजल्याचं प्रवेशद्वारही नको.

रॉकेटच्या वेळी आत १० मिनिटं थांबायचं. इराणच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा प्रकार निराळा. जून २०२५ मध्ये फोनवर आधी काही मिनिटं पूर्वसूचना येई, मग भोंगा, आणि "आता बाहेर या" असा वेगळा संदेश आल्यावरच निघायचं. तेव्हा ॲपवर इशारा दिसून १० मिनिटं झाली म्हणजे मंडळी बाहेर आली असतील, असा हिशेब इथे बसून मांडू नका.

---

टपालपेटी

फोनबद्दल.

भोंग्यानंतरची पहिली वीस मिनिटं फोन करू नये. ममादच्या जाड भिंतीत आणि पोलादी दारामागे सिग्नल रडतखडत येतो, त्यात सगळं शहर एकदम फोनवर असतं. शिवाय माणूस फोन उचलायला म्हणून आडोशातून बाहेर येतो. हा धोका खरा आहे, आणि तो आपल्या काळजीने तयार केलेला असतो.

त्यापेक्षा आधीच ठरवून ठेवा. घरटी तिकडचा एक माणूस, इकडचा एक माणूस. तिकडून भोंग्यानंतर व्हॉट्सॲपवर अंगठ्याचं एक चिन्ह आलं की इकडचा माणूस ते सगळ्यांना कळवणार. शक्यतो तरुण नातू-नात निवडा, आत्याला चष्मा शोधायला लावू नका. अंगठा आला नाही तर किती वेळ थांबायचं तेही ठरवा. एक तास ठीक आहे. त्यानंतर आत्याला नव्हे, शेजाऱ्याला फोन. शेजाऱ्याचा नंबर आजच घ्या.

वेळेचा फरक लक्षात असू द्या. मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण अडीच तास पुढे, हिवाळ्यात साडेतीन.

आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस! धार्मिक घरांत शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत फोनला हात लावत नाहीत. जूनमध्ये शब्बाथ सुटतो तो तिकडच्या साधारण साडेआठला, म्हणजे आपले रात्रीचे अकरा. डिसेंबरात तिकडचे सव्वापाच, आपले पावणेनऊ. ७ ऑक्टोबर २०२३ ला शनिवार होता आणि सिमहाथ तोराचा सणही. हल्ला तिकडच्या ६:२९ ला सुरू झाला, इथे नऊ वाजत होते. त्या दिवशी सोवळ्यातल्या घरांनी फोन उचलला नाही यात काहीच नवल नव्हतं, पण इथे मात्र लोकांनी भलभलते अर्थ काढले. जिवावरचा प्रसंग असेल तर शब्बाथ मोडायला धर्माचीच मुभा आहे, आणि धार्मिक घरं 'मूक लहरी'चा रेडिओ शुक्रवारी लावून ठेवतात. तो एरवी गप्प असतो, फक्त इशाऱ्याला बोलतो. म्हणजे त्यांना भोंगा कळतो. आपल्याशी बोलणं हे मात्र जिवावरचं काम नव्हे.

घरातला मुलगा 'मिलुइम'वर, म्हणजे राखीव सैनिक म्हणून गेला असेल तर तो कुठे आहे हे विचारू नका. सांगायची परवानगी नसते, आणि आई बिचारी खोटं बोलायच्या पेचात पडते. "जेवलीस का, झोप लागते का, औषध किती दिवसांचं आहे" एवढं पुरे. त्यातही औषधाचा प्रश्न सगळ्यात कामाचा.

तिकडचे आपत्कालीन क्रमांक: पोलीस १००, रुग्णवाहिका १०१, अग्निशमन १०२, पिकुद हाओरेफ १०४. मानसिक आधारासाठी 'एरान'चा १२०१. हे तिकडूनच लागतात, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आत्याच्या ममादच्या दाराला आतून लावायला सांगा.

---

चौल_नाका

ममाद नसलेल्यांनी जिन्यात खुर्ची ठेवावी का? गुडघेदुखी असेल तर पायरीवर बसून उठणं कठीण.

---

शनवार_तेली

घडीची हलकी खुर्ची घराच्या दाराच्या आत भिंतीला टेकवून ठेवायची आणि जाताना हातात घ्यायची. जिन्यात कायमची ठेवली तर अंधारात शेजारीच अडखळतात. बसताना पाठ आतल्या भिंतीला, समोर खिडकी नको. सोबत पाणी, बॅटरी, औषधाची डबी आणि चष्मा एका पिशवीत, ती पिशवी खुर्चीच्याच पाठीला अडकवलेली. दोन वस्तू दोन ठिकाणी असल्या की एक राहतेच.

---

खजिनदार

पैशाचं मी सांगतो. यात भावनेपेक्षा फॉर्म महत्त्वाचा.

निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आपल्या कोणाचं घोडं तिथे अडणार नाही. लागतं काय, तर पॅन, बँकेचा ए-२ फॉर्म, घेणाऱ्याचं नाव, बँकेचा स्विफ्ट कोड आणि आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक). इस्रायलचा आयबॅन 'आयएल'ने सुरू होतो आणि एकूण २३ अक्षर-अंकांचा असतो. मोजून घ्या, व्हॉट्सॲपवरून उतरवताना एखादं शून्य गळतंच.

कारण-कोड बरोबर निवडा. कुटुंबाच्या निर्वाहासाठी एस-१३०१, वैयक्तिक भेटीसाठी एस-१३०२, परदेशातल्या धार्मिक वा धर्मादाय संस्थेला देणगीसाठी एस-१३०३. आत्याला भेट म्हणून पाठवायचे आणि "त्यातले अर्धे अमुक निधीला दे" असं सांगायचं, हे करू नका. भेट ती भेट, देणगी ती देणगी.

एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस (पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही. भेट किंवा निर्वाहासाठी त्यावर गेलात तर फक्त वरच्या रकमेवर २० टक्के कापतात, आणि ते विवरणपत्रात वळते करून घेता येतात.

अडतं कुठे? एक, नावाचं स्पेलिंग. अलियानंतर (इस्रायलला स्थायिक झाल्यावर) आडनाव बदललं असेल, किंवा इथे 'एलायजा' आणि तिकडे 'एलियाहू' असेल, तर पैसे अधांतरी लटकतात. तिकडच्या पासबुकावर इंग्रजीत जसं आहे तसंच लिहा. दोन, शुल्क. 'सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून' हा पर्याय निवडला नाही तर मधली बँक आपला वाटा कापते आणि आत्याला कमी मिळतात. तीन, वार. शनिवारी त्यांची बँक बंद, रविवारी आपली, आणि डॉलर ज्या न्यूयॉर्कमार्गे जातात तिथे दोन्ही दिवस सुट्टी. सोमवार ते बुधवार पाठवा.

परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर इथे ८०-जीची आयकर सवलत नाही. आणि सिनेगॉगच्या (आपल्या प्रार्थनालयाच्या) ट्रस्टच्या खात्यात पैसे गोळा करून ते तिकडे पाठवायचा उत्साह आवरा. भारतातल्या धर्मादाय न्यासाने भारताबाहेर खर्च केला की त्या रकमेवरची आयकराची सवलत जाते, त्यासाठी आगाऊ मंजुरी लागते. ज्याने त्याने आपापल्या खात्यातून पाठवावं.

कपडे, ब्लँकेटं, डबाबंद खाणं यांचे पार्सल? नको. विमानं बंद असतात तेव्हा टपालही अडकतं, आणि तिकडे दुकानं ओस पडलेली नसतात.

---

रेवदंडा_बत्ती

इकडे आणण्याबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. १२ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेलं ऑपरेशन अजय आणि जून २०२५ चं ऑपरेशन सिंधू या भारतीय नागरिकांसाठीच्या मोहिमा होत्या. आपले बहुतेक नातेवाईक इस्रायली नागरिक आहेत. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्याने भारतात व्हिसाशिवाय येता येतं, सरकारी विमानात जागेचा हक्क मिळत नाही. उलट इथून तिकडे बाळंतपणाला वगैरे गेलेली आई भारतीय पासपोर्टवर असेल, तर तिची नोंद तेल अवीवच्या भारतीय दूतावासात पोचल्या दिवशीच करून टाका. युद्ध सुरू झाल्यावर तोच फॉर्म भरायला हजारोंची रांग लागते.

१३ जून २०२५ ला बेन गुरियन विमानतळ बंद झाला तेव्हा उरले ते जमिनीचे रस्ते. जॉर्डनकडे बेत शेआनजवळचा शेख हुसेन नाका, इजिप्तकडे एलातजवळचा ताबा. त्यासाठी त्या देशाचा प्रवेश-परवाना, पुढचं विमान तिकीट आणि तासन् तास उभं राहायची ताकद लागते. ज्या माणसाला ४५ सेकंदांत जिना उतरता येत नाही त्याला वाळवंटातून नाका पार करायला लावू नये. त्याला तिथल्याच तिथे ममाद असलेल्या नातेवाइकाकडे हलवणं जास्त शहाणपणाचं.

आता व्हिडिओ. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'आर्मा ३' या संगणकी खेळातली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली होती. तपासायची साधी रीत सांगतो. व्हिडिओ थांबवून पाटी, गाडीची नंबरप्लेट, सावल्या बघा. "आत्ताचा" म्हणून आलेल्या व्हिडिओत लख्ख ऊन असेल आणि तिकडे रात्रीचे दोन वाजले असतील तर विषय संपला. नाहीतर एखादी चौकट कापून चित्र-शोधात टाका. आकाशातला स्फोट हा बहुतेकदा पाडलेल्या क्षेपणास्त्राचा असतो, शहरावर पडलेल्याचा नव्हे.

आणि नातवाने गच्चीतून काढलेला खरा व्हिडिओ आला, तर तोही पुढे पाठवू नका. कुठे नेमकं पडलं हे प्रसिद्ध करायला तिकडे लष्करी सेन्सॉरची बंदी आहे. शत्रूला नेम सुधारायला तेच हवं असतं. अडचणीत नातू येतो, तुम्ही नाही.

---

मलिद्याची_थाळी

तेहिलीमबद्दल, म्हणजे स्तोत्रांबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून. अशा वेळी सहसा २०, ८३, १२१, १३० आणि १४२ ही स्तोत्रं म्हणतात. वयस्करांना फोनवर १२१ वं सोबत म्हणायला फार आवडतं. आठच ओळी, दोन मिनिटांत होतं, आणि बातम्यांवरचं बोलणं आपोआप टळतं. एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाचा मलिदा नवस म्हणून बोलायचा असेल तर आत्ता बोला, पण मोठा जमाव बोलावून करायचा तो नंतर. प्रार्थनालयात माणसं जमणार असतील तर पोलीस ठाण्याला आदल्या दिवशी कळवा. २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत हे सांगावं लागू नये, पण लागतं.

सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालायला जाऊ नका. मुंबईतल्या शार हारहामीम सिनेगॉगला पिढ्यान् पिढ्या 'जुनी मशीद' म्हणत आलेत आणि आजूबाजूची वस्ती मुसलमानांची आहे. त्यातल्या कित्येकांचा जीवही तिकडच्याच कुणासाठी तुटत असतो.

---

खारीक_खोबरं

फार कामाचं मिळालं. आत्याला मोहल्ला विचारला, 'हे' म्हणाल्या. ॲपमध्ये लावलाय.

---

शनवार_तेली

'हे' की 'हेत'? फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि अश्दोदमध्ये ते दोन वेगळ्या इशारा-विभागांत आहेत. 'हे' पाचवं अक्षर, 'हेत' आठवं. आत्यांना अक्षर कागदावर लिहून फोटो पाठवायला सांगा. डावा पाय वरच्या रेघेपासून सुटलेला असेल तर 'हे', चिकटलेला असेल तर 'हेत'.

---

खारीक_खोबरं

फोटो आला. चिकटलेला आहे, म्हणजे 'हेत'.