स्मार्ट मीटर आणि भरवसा

'विजेच्या स्मार्ट मीटरला विरोध म्हणजे तंत्रज्ञानाची भीती' असं काही जण म्हणतात, पण हे मत मला अजिबात पटलं नाही. सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं ऊर्जामंत्री असताना खुद्द नागपूरच्या फडणवीसांनी जून 2024 मध्ये जाहीर केलं. पुढे टीओडी ('टाइम ऑफ डे', म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारे) या नावाने स्मार्ट मीटरच घरोघरी आले. त्यांचं बिल आधी नाही, नंतर भरायचं, हे मान्य. पण इथे नागपूरच्या महाल भागात शेजारच्या आजींनी "मंत्री तर नाही म्हणाले होते ना?" असं विचारलं, तेव्हा मीटर बदलायला आलेला पोरगा नुसता स्क्रू काढत राहिला.

शिवाय हा मीटर दर 15 किंवा 30 मिनिटांचा वापर नोंदवतो. घर कधी रिकामं असतं, हे त्यावरून सहज कळतं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार सरकारी यंत्रणांना सूट देऊ शकतं, मग माणसाने भरवसा ठेवायचा तरी कशावर?

बिल फुगलंय असं वाटत असेल तर गप्प बसू नका. 2024 च्या सुधारित वीज ग्राहक हक्क नियमांनुसार वीज कंपनीला तक्रारीनंतर 5 दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर लावावा लागतो आणि किमान 3 महिने वापर ताडून पाहावा लागतो. तक्रार लेखीच द्या, पोच घ्या.