सिलेसिउस म्हणे ‘धर्मापलीकडचा संत’!

तिरकस_जोशी: ‘गुलाबाला कारण लागत नाही, तो फुलतो म्हणून फुलतो’ ही द्विपदी टाकून परवा इथे कुणीतरी लिहिलं की ती लिहिणारा सतराव्या शतकातला जर्मन कवी आंगेलुस सिलेसिउस सगळ्या धर्मांच्या पलीकडे पोचला होता. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग! अहो, हा योहान शेफलर (सिलेसिउसचं खरं नाव) १६५३ साली सिलेशिया प्रांतातल्या ब्रेस्लाउत प्रोटेस्टंटांचा ल्युथरन पंथ सोडून कॅथलिक झाला, १६६१ला पाद्री झाला आणि पुढे प्रोटेस्टंटांविरुद्ध पन्नासेक पत्रकं खरडली. त्यांतल्या ३९चा ग्रंथ १६७७ला, म्हणजे गेला त्याच वर्षी, निघाला. सिलेशियात तेव्हा कॅथलिक हाब्सबुर्ग राजघराण्याचं सरकार प्रोटेस्टंटांची चर्चेस काढून घेत होतं. कवी कुणाच्या बाजूने होता ते बघा, मग जोडा हात.

निशिगंध: पत्रकं आज कोण वाचतं? तत्त्वज्ञ हायडेगर बोलला तो गुलाबावर. आणि पंथ का सोडला तेही सांगा की! ओएल्सच्या ड्यूकच्या पदरी वैद्य होता, जुन्या गूढवाद्यांची वचनं छापायला काढली, तर दरबारचा ल्युथरन धर्मोपदेशक फ्रायटाग आडवा आला. तोंड दाबल्यावर माणूस उठून जाणारच.

ओपीडीवाला: वैद्य वाचलं आणि राहवेना. लायडन, पाडुआच्या विद्यापीठांत शिकून १६४८ला डॉक्टर झाला, शेवटी काय, पाद्री! आमच्या बॅचमधला एक सरकारी कॉलेजातून एमडी होऊन थेट आश्रमात गेला. त्या सीटसाठी किती पोरं रडली असतील?

पैठणची_लेक: काका, सीट घेऊन अमेरिकेला गेलेले चालतात, आश्रमातलेच बरे खुपतात? माझा मावसभाऊ तसाच गेला. आश्रमाच्या दवाखान्यात सकाळी सातपासून रांग असते, जेवायला उसंत नाही त्याला.

ओपीडीवाला: ‘चालतात’ असं मी कुठे म्हटलं? भलतंच माझ्या तोंडी घालू नका. तुमच्या भावाने स्टेथोस्कोप तरी ठेवलाय, आमच्याने तोही टाकला.

निशिगंध: शेफलरने आपली मिळकत गोरगरिबांत वाटली. आणि कृपा करून सीटचा वेगळा धागा काढा!!

सोहम्_७: देव माझ्यावाचून क्षणभरही जगू शकत नाही, असं लिहिणारा माणूस अद्वैतीच. पाटी कुठली का असेना.

तिरकस_जोशी: आले अद्वैतवाले! त्याच्या द्विपदींच्या त्याच पुस्तकाची प्रस्तावना उघडा. जीव आपलं निर्मितपण टाकून देव होतो असा माझा अर्थ नाही, हे त्याने स्वतः बजावलंय. म्हणून तर व्हिएन्नात जेझुइट (कॅथलिक संघातल्या) परीक्षकाची संमती मिळाली. आणि निशिगंधताई, पत्रकं वेगळी, कविता वेगळी असं करताच येत नाही. पत्रकांची धुमाळी चालू असतानाच १६७५ला द्विपदींची वाढवलेली आवृत्ती आलीय.

निशिगंध: ‘ताई’ नको, मी पुरुष आहे. माझी मुलगी श्टुटगार्टजवळ राहते, तिथल्या ल्युथरन चर्चच्या कॉयरमध्ये गाते. त्यांच्या गीतपुस्तकात याच शेफलरचं ‘इश विल् दिश लीबन’ आहे. ज्यांना त्याने झोडलं तेच त्याला गातात, यावर काय म्हणणं?

तिरकस_जोशी: ल्युथरन मोठ्या मनाचे निघाले, मान्य! कवीचा त्यात काय संबंध?

सोहम्_७: गाणं त्याचंच ना?

तिरकस_जोशी: बरं, गाणं चांगलं आहे. झालं समाधान? ‘धर्मापलीकडचा’ तेवढं मागे घ्या.

ओपीडीवाला: आणि ती सीट?