समन्स मिळालंच नाही, एकतर्फी हुकूमनामा (आमच्या गैरहजेरीत निकाल) झालाय – मदत हवी आहे

बीड जिल्ह्यातलं गाव. वडिलांवर उसन्या पैशांचा दावा होता, हे आम्हाला 22 दिवसांपूर्वी दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची) नोटीस आली तेव्हा कळलं. नकला काढल्या. बेलिफाने (कोर्टाच्या समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याने) समन्स कुलूपबंद दाराला चिकटवलेलं, पंच म्हणून सही वादीच्या सख्ख्या भावाची! त्या महिन्यात आम्ही सगळे ऊसतोडीला सांगलीकडे होतो. मुकादमाचा उचलीचा (आगाऊ पैशांचा) कागद आहे. दाव्याबद्दल गावातूनही कुणी फोन केला नव्हता.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 13 खालचा अर्ज तयार आहे. माहिती झाल्यापासून 30 दिवस धरतात म्हणे, तरी विलंबमाफीचा (उशीर माफ करण्याचा) अर्ज जोडतोय. अपिलाचा खर्च झेपणार नाही.

बेलिफाला उलटतपासणीला बोलवायला वेगळा अर्ज लागतो का? आणि दरखास्तीला स्थगिती देताना कोर्ट साधारण किती रक्कम भरायला लावतं?